प्रौढत्व आणि परभाषा

ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत एक वाक्प्रचार रूढ आहे. एखादी गोष्ट मनापासून न करता केवळ देखाव्यासाठी केली, की ती 'इंग्रजांना दाखवण्यापुरती' केली असे तेथे म्हणतात. या वाक्प्रचाराचे मूळ लोकसमजूत १८३१ च्या एका कायद्यात शोधते. आफ्रिकेतून गुलाम आणण्यास बंदी घालणारा हा कायदा ब्रिटनच्या दडपणाखाली संमत झाला. त्याची अंमलबजावणी व्हावी अशी इच्छा मात्र सत्ताधाऱ्यांपैकी फारच थोड्यांना होती. गुलामांचा व्यापार पुढे जवळजवळ वीस वर्षे चालू राहिला. १८५० च्या दुसऱ्या कायद्याने तो खऱ्या अर्थाने थांबला आणि प्रत्यक्ष गुलामगिरी संपुष्टात येण्यास १८८८ साल उजाडावे लागले. वाक्प्रचाराची ही व्युत्पत्ती इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एका समाजाने आपल्या दांभिकतेला नाव देताना परक्या भाषकाच्या नजरेचा आधार घ्यावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

त्याच देशात आज लक्षावधी प्रौढ माणसे इंग्रजी शिकू पाहतात. दिवसभराचे काम आटोपून, गर्दीच्या बसमधून प्रवास करून, संध्याकाळच्या वर्गात बाकावर येऊन बसणारा चाळिशीतला कारकून किंवा परिचारिका हे साओ पाउलोसारख्या शहरातले परिचित दृश्य आहे. या माणसाविषयी अर्थशास्त्र बोलते, शिक्षणशास्त्र बोलते. नीतिविचाराने मात्र त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक त्याच्या बाकावर एक जुना आणि अवघड नैतिक प्रश्न बसलेला असतो. ज्या भाषेत आपले बालपण गेले नाही, जिची निवड आपण पूर्णपणे स्वेच्छेने केली असेही म्हणता येत नाही, ती भाषा शिकताना माणसाने आपले प्रौढत्व कसे राखावे? आणि हे शिकणे 'इंग्रजांना दाखवण्यापुरते' होऊ नये यासाठी त्यात काय असावे लागते?

या प्रश्नाची धार प्रौढालाच लागते. मूल परभाषा शिकते तेव्हा त्याला गमावण्यासारखे फारसे काही नसते. फर्नांदो पेसोआ या पोर्तुगीज कवीचे शालेय शिक्षण दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे इंग्रजीतून झाले आणि पुढे त्याने इंग्रजीत कविताही लिहिल्या. परंतु त्याच्या बाबतीत दोन भाषा जवळजवळ एकाच वयात अंगात भिनल्या होत्या. प्रौढाची गोष्ट निराळी. तो स्वतःच्या भाषेत विनोद करतो, भांडतो, सांत्वन करतो, समोरच्याच्या बोलण्यातील खोच ओळखतो. परभाषेच्या वर्गात पाऊल टाकताच हे सारे वैभव उंबरठ्याबाहेर राहते. तेथे त्याला 'हे पुस्तक आहे, ते टेबल आहे' एवढेच सांगता येते. संसार केलेला, मृत्यू पाहिलेला, मते बनवलेला माणूस पाच वर्षांच्या मुलाची वाक्ये बोलू लागतो आणि आपण तसे बोलत आहोत याची त्याला पूर्ण जाणीव असते. मुलाचे बोबडे बोल कौतुकाचे असतात. प्रौढाचे हास्यास्पद ठरतात. परभाषेच्या वर्गातील पहिला अनुभव म्हणूनच बहुधा ज्ञानाचा नसून लज्जेचा असतो.

या लज्जेचे तपशील भाषेच्या रचनेतच दडलेले असतात. पोर्तुगीज भाषकाला वयाविषयी सांगायचे झाले तर 'माझ्याजवळ चाळीस वर्षे आहेत' अशी त्याच्या भाषेची घडण असते. तीच तो इंग्रजीत नेतो आणि चुकतो. ब्राझीलमध्ये शब्दाच्या शेवटी येणाऱ्या बऱ्याच व्यंजनांना 'इ'काराचा आधार लागतो, म्हणून 'फेसबुक'चे 'फेसीबुकी' होते. शब्दारंभीच्या 'र'चा उच्चार 'ह'सारखा होतो, म्हणून 'रॉक' संगीताचे 'हॉकी' होते. ज्या मराठी माणसाने 'स्टेशन'चे 'इस्टेशन' होताना ऐकले आहे, त्याला या उच्चारांचे नवल वाटू नये. प्रत्येक भाषा पाहुण्या शब्दाला आपल्या घरचे कपडे घालते. दारावर लिहिलेला इंग्रजी 'पुश' हा शब्द आणि 'ओढा' या अर्थाचा पोर्तुगीज शब्द यांचा उच्चार इतका जवळचा आहे, की ढकलण्याचे दार ओढत राहणारा ब्राझीलियन प्रवासी हा तेथील विनोदाचा ठरलेला विषय झाला आहे.

परंतु यांतील एक चूक विनोदाच्या पलीकडे जाणारी आहे. पोर्तुगीजमध्ये 'प्रेतेंदेर' हे क्रियापद 'इरादा असणे, बेत करणे' या अर्थाने वापरतात. त्याच्याशी मिळतेजुळते इंग्रजी क्रियापद 'प्रिटेंड'. त्याचा अर्थ मात्र 'सोंग करणे' असा आहे. दोघांचे लॅटिन मूळ एकच, पण शतकांच्या ओघात त्यांचे मार्ग वेगळे झाले. नवशिका विद्यार्थी प्रामाणिकपणे सांगू पाहतो की इंग्रजी शिकण्याचा आपला निश्चय आहे, आणि त्याच्या तोंडून वाक्य बाहेर पडते ते असे, की आपण इंग्रजी शिकण्याचे सोंग करीत आहोत. शिक्षक ही चूक सुधारून पुढे जातो. विचार करणाऱ्याला मात्र येथे थांबावे लागते. कारण इरादा आणि सोंग यांतले अंतर हाच या सबंध व्यवहारातील नैतिक प्रश्न आहे, आणि तो एका चुकलेल्या क्रियापदात उघडा पडतो.

भाषा शिकणे म्हणजे जुन्या वस्तूंना नवी नावे लावणे असा एक सोपा समज असतो. प्रौढ विद्यार्थ्याला लवकरच कळते की नवी भाषा त्याला काही देते तसे काही सोडायलाही सांगते. पोर्तुगीजमध्ये 'असणे' या अर्थाची दोन क्रियापदे आहेत. एक वस्तूच्या स्वरूपाविषयी बोलते, दुसरे तिच्या अवस्थेविषयी. एखादी व्यक्ती स्वभावाने उदास आहे आणि ती आज उदास आहे, ही दोन विधाने तेथे दोन वेगळ्या क्रियापदांनी होतात. मराठीतील 'आहे' आणि 'असते' यांच्यातील भेदाशी हा भेद तंतोतंत जुळत नाही. तरीही क्रियापदानेच असे काही सुचवावे ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. इंग्रजीत हा भार एकच क्रियापद वाहते. त्याचप्रमाणे समोरच्याला संबोधण्याच्या पोर्तुगीजमध्ये अनेक पायऱ्या आहेत. मित्राला एक, वडीलधाऱ्या अपरिचिताला दुसरी. आपल्याकडच्या 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांच्यासारखेच त्यांत वय, जवळीक आणि मान यांचे हिशेब असतात. इंग्रजी सर्वांना एकाच सर्वनामाने हाक मारते. म्हाताऱ्या ग्राहकाला त्या सपाट सर्वनामाने संबोधताना प्रौढ विद्यार्थ्याची जीभ क्षणभर अडखळते. त्या अडखळण्यामागे अज्ञान नसते. एका संस्काराने घेतलेली ती हरकत असते. कदाचित त्याच सर्वनामात एखाद्या कनिष्ठ नोकराला प्रथमच आपल्या वरिष्ठाशी समपातळीवर बोलल्याचे समाधानही मिळत असेल. त्याग आणि लाभ येथे एकाच शब्दात नांदतात.

आता हा त्याग माणसाने कशासाठी करावा? सर्वांत प्रचलित उत्तर उपयुक्ततेचे आहे. इंग्रजी आली तर नोकरी मिळते, बढती मिळते, ज्ञानाचा मार्ग खुला होतो. हे उत्तर खोटे नाही. २०११ मध्ये ब्राझील सरकारने 'सीमाविरहित विज्ञान' या नावाची एक मोठी शिष्यवृत्ती योजना सुरू केली. सुमारे एक लाख विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत पाठवण्याचा तिचा संकल्प होता. अर्ज येऊ लागले तेव्हा असे दिसले की फार मोठ्या संख्येने विद्यार्थी पोर्तुगालचीच निवड करीत आहेत, कारण तेथे परभाषेची अडचण नव्हती. अखेर २०१३ मध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीच्या यादीतून पोर्तुगालचे नाव वगळण्यात आले आणि विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी वेगळी योजना उभारावी लागली. ज्या देशाने ही भाषा दिली, त्याच देशाचे दार आपल्या तरुणांसाठी बंद करणे, हा निर्णय व्यवहारदृष्ट्या समजण्याजोगा असला तरी त्यातील विरोधाभास लपत नाही.

उपयुक्ततेच्या युक्तिवादाचे न्यून असे, की तो गरज आणि स्वातंत्र्य यांची गल्लत करतो. 'इंग्रजी शिका, म्हणजे तुम्ही स्वतंत्र व्हाल' असे सांगितले जाते. पण न शिकण्याचे स्वातंत्र्य ज्याला नाही, त्याचे शिकणे स्वतंत्र कसे म्हणावे? शिवाय ही गरज सर्वांवर सारखी पडत नाही. २०१४ मध्ये ब्रिटिश कौन्सिलने प्रकाशित केलेल्या एका पाहणीनुसार, आपल्याला इंग्रजीचे काही ज्ञान आहे असे सांगणारे लोक ब्राझीलच्या सोळा वर्षांवरील लोकसंख्येत सुमारे पाच टक्केच होते. शाळांत परभाषेचा विषय दीर्घकाळ होता. २०१७ च्या कायद्याने माध्यमिक वर्गांपासून इंग्रजी सक्तीची केली. तरीही बोलता येईल इतकी इंग्रजी मिळते ती प्रायः खासगी शिकवणी वर्गांत, आणि त्यांचे शुल्क भरण्याची ऐपत सर्वांना नसते. ज्याला बालपणी ही भाषा विकत घेता आली नाही, त्याला ती प्रौढपणी लज्जेसह घ्यावी लागते. तेव्हा त्या बाकावरील माणसाचे अडखळणे त्याच्या बुद्धीविषयी काही सांगत नाही. ते त्याच्या जन्माविषयी सांगते.

याच्या विरुद्ध टोकाला भाषाशुद्धीचे उत्तर आहे. परकी भाषा ही परकी सत्ता, तिला दूर ठेवणे हाच स्वाभिमान, असे ते सांगते. या वृत्तीचे सर्वांत करुण चित्र लिमा बारेतो या कृष्णवर्णीय ब्राझीलियन कादंबरीकाराने रेखाटले. १९११ मध्ये क्रमशः आणि १९१५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या कादंबरीचा नायक पोलिकार्पो क्वारेस्मा हा एक सरळमार्गी, देशप्रेमाने झपाटलेला कर्मचारी आहे. पोर्तुगीज ही उसनी भाषा असल्याने तिच्या जागी आदिवासींची तुपी ही राष्ट्रभाषा करावी, असा अर्ज तो संसदेकडे करतो. देश त्याला हसतो, त्याला वेड्यांच्या इस्पितळात जावे लागते आणि शेवटी ज्या प्रजासत्ताकावर त्याने श्रद्धा ठेवली तेच त्याचा बळी घेते. क्वारेस्मा हास्यास्पद आहे यात शंका नाही. परंतु त्याचा तर्क निर्दोष आहे, हेच त्या हास्याला जड करते. १९९९ मध्ये ब्राझीलच्या संसदेत परकीय शब्दांच्या वापरावर निर्बंध घालू पाहणारे एक विधेयक मांडले गेले आणि भाषाशास्त्रज्ञांनी त्यावर कडाडून टीका केली. त्या वेळी पोर्तुगीजचे रक्षण करू पाहणाऱ्यांना क्वारेस्माचा प्रश्न विचारता आला असता: ज्या भाषेचे रक्षण करायचे, ती येथे कशी आली?

ती आदेशाने आली. अठराव्या शतकात पोर्तुगालचा सर्वसत्ताधीश मंत्री पोंबाल याच्या कारकिर्दीत, १७५७ च्या एका निर्देशाने, वसाहतीतील आदिवासींच्या वस्त्यांत पोर्तुगीजचा वापर सक्तीचा करण्यात आला. तुपी मूळ असलेली आणि तोवर बोलचालीत सर्वत्र चालणारी 'सामान्य भाषा' मागे ढकलली गेली. तीच भाषा पुढे न्येंगातू या नावाने अमेझॉनच्या खोऱ्यात टिकून राहिली आणि २००२ मध्ये साओ गाब्रिएल दा काशोएरा या नगरपालिकेने तिला आणखी दोन आदिवासी भाषांसह पोर्तुगीजच्या जोडीने अधिकृत दर्जा दिला. गोमंतकाचा इतिहास याहून वेगळा नाही. १६८४ मध्ये तेथील पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांच्या आत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले होते. मोझांबिकसारख्या देशात तर, ज्याला 'पोर्तुगीजभाषक देश' म्हटले जाते, तेथील बहुसंख्य माणसे घरी बांटू कुळातील भाषा बोलतात. चहूकडून इंग्रजी राजभाषा असलेल्या देशांनी वेढलेले हे राष्ट्र १९९५ मध्ये राष्ट्रकुलातही सामील झाले. तेथील प्रौढ जेव्हा इंग्रजी शिकतो तेव्हा तो अनेकदा दुसऱ्यांदा परभाषा शिकत असतो. 'आपली' भाषा आणि 'परकी' भाषा ही विभागणी अशा ठिकाणी नीतीची कसोटी होऊ शकत नाही. किती जुनी सक्ती झाली म्हणजे ती परंपरा होते, एवढाच हिशेब मग उरतो.

तिसरे उत्तर अधिक चतुर आहे. ओस्वाल्द द आंद्रादे या कवीने १९२८ मध्ये 'नरभक्षकाचा जाहीरनामा' प्रसिद्ध केला. त्याच्या प्रतिपादनाचा आशय असा, की परक्या संस्कृतीला भिऊ नये आणि तिचे अनुकरणही करू नये. तिला खाऊन पचवावे आणि तिची शक्ती आपल्या अंगी आणावी. हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगतावर तुपी जमातीच्या नावाने केलेली त्यातील कोटी इंग्रजीतच आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. विसाव्या शतकातील ब्राझीलियन कलेला या विचाराने फार मोठे बळ दिले. १९६९ पासून काही वर्षे लष्करी राजवटीमुळे लंडनमध्ये निर्वासिताचे जिणे जगताना काएतानो वेलोझो या गायक-कवीने इंग्रजीत गीते रचली. तीही याच वंशातली म्हणता येतील.

परंतु हा सिद्धांत कलावंताचा आहे, आणि तोही ज्याला भाषा अगोदरच अवगत आहे अशा कलावंताचा. आंद्रादे हा साओ पाउलोच्या धनिक कुटुंबातला, युरोप पाहिलेला माणूस होता. संध्याकाळच्या वर्गातील कारकुनाला 'इंग्रजी खाऊन टाक' असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पचनाचे नियम समजावण्यासारखे आहे. त्याच्या अनुभवात भाषाच त्याला खात असते: त्याची संध्याकाळ, त्याचे पैसे, त्याचा आत्मविश्वास. पचवण्याचे रूपक श्रमाची किंमत लपवते. मशादो द असिस या थोर कादंबरीकाराचे उदाहरण येथे अधिक बोलके आहे. मुक्त झालेल्या गुलामांचा हा नातू फारसा कधी रिओच्या परिसराबाहेर गेला नाही आणि त्याला विद्यापीठाचे शिक्षणही लाभले नाही. १८७० मध्ये त्याने डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'चा अनुवाद हाती घेतला तो फ्रेंच भाषांतरावरून, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. १८८३ मध्ये त्याने एडगर ॲलन पोच्या 'द रेव्हन' या कवितेचा पोर्तुगीज अवतार सिद्ध केला. मधल्या काळात, १८८१ मध्ये, आलेल्या त्याच्या सर्वश्रेष्ठ कादंबरीत लॉरेन्स स्टर्नचे ऋण मोकळेपणाने मान्य केलेले आहे. वर्षानुवर्षांच्या एकाकी वाचनातून घडलेल्या या प्रवासाला भक्षण म्हणण्यापेक्षा ऋण म्हणणे अधिक उचित होईल. ऋण घेणारा देणाऱ्याला नाकारत नाही आणि स्वतःलाही विकत नाही. तो हिशेब ठेवतो.

देखावा आणि निष्ठा यांच्यातील हे अंतर लिमा बारेतोनेच एका कथेत आणखी नेमकेपणाने मांडले आहे. 'जावानीज जाणणारा माणूस' ही १९११ ची कथा. रिओमध्ये भाड्याचे पैसे थकलेला एक भामटा वर्तमानपत्रात जावानीज भाषेचा शिक्षक पाहिजे अशी जाहिरात वाचतो, ग्रंथालयातल्या विश्वकोशातून लिपीची जुजबी माहिती उचलतो आणि शिक्षक म्हणून रुजू होतो. त्या बळावर तो पुढे विद्वान म्हणून मान्यता पावतो, भाषाशास्त्राच्या परिषदेला जातो, राजदूत खात्यात बढती मिळवतो. ही कथा सामान्यतः त्या भामट्याची, आणि पोकळ पांडित्याला मखरात बसवणाऱ्या समाजाची, म्हणून वाचली जाते. पण तिच्यात एक विद्यार्थीही आहे. तो एक वृद्ध सरदार आहे. आजोबांकडून वारशाने आलेला एक जावानीज ग्रंथ त्याच्याजवळ आहे. तो समजून घेतल्याने घराण्याचे भले होईल अशी त्याची श्रद्धा आहे. मरण्यापूर्वी तो वाचता यावा म्हणून हा म्हातारा अक्षरे गिरवू लागतो. त्याला ती जमत नाहीत आणि शेवटी तो भामट्याने रचलेल्या गोष्टीच भक्तिभावाने ऐकतो. संपूर्ण कथेत भाषेविषयी खरी आस्था आहे ती याच एका माणसाला, आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. ज्याचा इरादा होता तो अयशस्वी ठरतो. ज्याने सोंग केले तो कीर्तिमान होतो. समाज ज्ञानाला बक्षीस देत नाही, ज्ञानाच्या खुणेला देतो, हे बारेतोचे निदान आजच्या प्रमाणपत्रांच्या काळातही जुने झालेले नाही. मात्र त्या म्हाताऱ्याचे शिकणे व्यर्थ होते असे म्हणायला वाचकाचे मन धजत नाही. जे धजत नाही ते मनच या प्रश्नाच्या उत्तराकडे बोट दाखवते.

ते उत्तर पाउलो फ्रेरेच्या विचारात आणि त्याहून अधिक त्याच्या आयुष्यात सापडते. रेसीफी येथे १९२१ मध्ये जन्मलेला फ्रेरे तरुणपणी पोर्तुगीज भाषेचा शिक्षक होता. १९६३ मध्ये ईशान्य ब्राझीलमधील अंजिकोस या गावी सुमारे तीनशे निरक्षर प्रौढांना चाळीस तासांत वाचायला-लिहायला शिकवण्याचा त्याचा प्रयोग गाजला. निरक्षरांना मतदानाचा हक्क नसलेल्या त्या देशात हा प्रयोग केवळ शैक्षणिक नव्हता; तो हक्क त्यांना पुढे १९८५ मध्ये मिळाला. प्रौढ विद्यार्थी हे रिकामे भांडे नव्हे, त्याच्यापाशी जग असते, आणि शब्दाआधी तो हे जग वाचतच असतो, हे फ्रेरेच्या विचाराचे सूत्र. म्हणून त्याच्या वर्गात 'वीट' हा शब्द गवंड्याच्या हातातील विटेपासून सुरू होई. १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्याला तुरुंगात टाकण्यात आले आणि मग देश सोडावा लागला. बोलिव्हिया, चिली असा प्रवास करीत १९६९ मध्ये तो अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पोहोचला. प्रौढांना अक्षरे शिकवणारा हा माणूस अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास एका परक्या भाषेसमोर स्वतः विद्यार्थी होऊन उभा राहिला.

दलितांच्या शिक्षणशास्त्रावरील त्याचा विख्यात ग्रंथ १९७० मध्ये इंग्रजीत आला, तो ब्राझीलमध्ये प्रसिद्ध होण्यापूर्वीच. त्यानंतर त्याला अमेरिकेतील स्त्रियांची पत्रे येऊ लागली. ग्रंथाचे कौतुक करूनही त्यांनी एक तक्रार नोंदवली होती: मुक्तीविषयीच्या या पुस्तकात सर्वत्र 'पुरुष' या शब्दाने मानवजात दर्शवली आहे, मग स्त्रिया कोठे आहेत? फ्रेरेने या प्रसंगाची हकीकत १९९२ च्या आपल्या पुस्तकात प्रांजळपणे सांगितली आहे. पहिली प्रतिक्रिया बचावाची होती. 'पुरुष' म्हटल्यावर स्त्रिया आल्याच, असे त्याला वाटले. शाळेत शिकवलेले व्याकरण तेच सांगत होते. पोर्तुगीजमध्ये सभागृहात कितीही स्त्रिया असोत, एक पुरुष आला की सर्वांसाठी पुल्लिंगी रूप वापरावे लागते. मराठीत अशा मिश्र समूहासाठी नपुंसकलिंगी अनेकवचनाची सोय आहे. पोर्तुगीजमध्ये ती नाही. मग त्याच्या ध्यानात आले की हा प्रश्न व्याकरणाचा नसून सत्तेचा आहे. त्याने पत्रांना उत्तरे लिहिली, आभार मानले आणि पुढे आपली भाषा बदलली.

या प्रसंगाचे मोल असे, की फ्रेरे ज्या भाषेचा तज्ज्ञ शिक्षक होता, त्या स्वतःच्या भाषेतील एक अन्याय त्याला परभाषेतील वाचकांमुळे दिसला. आपल्या घराची बाहेरची भिंत घरात बसून दिसत नाही. परभाषा शिकणाऱ्याला, तिच्यातील माणसांशी खरा व्यवहार करणाऱ्याला, केव्हातरी आपले घर बाहेरून पाहावे लागते. त्यासाठी आपण चुकू शकतो हे मान्य करण्याची तयारी हवी, आणि प्रौढ विद्यार्थ्याची लज्जा ही त्या तयारीचेच अपक्व रूप असते. लज्जेत माणूस दुसऱ्याच्या नजरेने स्वतःला लहान पाहतो. विवेकात तो दुसऱ्याच्या नजरेने स्वतःला स्पष्ट पाहतो. एकातून दुसऱ्याकडे जाणे म्हणजेच परभाषेत प्रौढ होणे. म्हणूनच फ्रेरेने, आयरा शोर या अमेरिकन शिक्षकाशी इंग्रजीत केलेल्या आणि १९८७ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या संवादांत, प्रमाणभाषेविषयी दुहेरी भूमिका घेतली. वर्चस्व असलेली भाषा विद्यार्थ्याने शिकावी, आणि तिचे वर्चस्व सौंदर्यातून नव्हे तर सत्तेतून आलेले आहे हेही त्याने शिकावे. पहिल्याविना दुसरे ही पळवाट होते. दुसऱ्याविना पहिले ही शरणागती होते.

गोमंतकाचा अनुभव या भूमिकेला एक पुरावा देतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली तेव्हा पणजीच्या लिसेवमध्ये शिकलेली, पोर्तुगीजमध्ये वकिली, अध्यापन किंवा कारभार करणारी एक पिढी ऐन प्रौढ वयात होती. कचेऱ्यांची आणि न्यायालयांची भाषा अल्पावधीत इंग्रजी झाली. पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक तरतुदी मात्र लागू राहिल्या. म्हणजे पोर्तुगीजमध्ये घडलेला कायदा इंग्रजीत मांडण्याची वेळ या वकिलांवर आली. मुक्ती सर्वांची झाली होती आणि तिचे स्वागतही झाले. तरीही काहींना त्या मुक्तीत आपली वाणी नव्याने कमवावी लागली. ज्यांच्या भाषेला कोकणी-मराठी भाषकांपुढे काल प्रतिष्ठा होती, त्यांनाच आज अडखळावे लागले. भाषेची प्रतिष्ठा ही कधीच भाषेची नसते, हे या पिढीइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल. त्यांतील ज्यांनी हे ओळखले, ते नव्या भाषेत मिंधे झाले नाहीत आणि जुन्या भाषेचे ताबूतही त्यांनी नाचवले नाहीत.

आज खिशातील यंत्र क्षणार्धात एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेत करून देते. उपयुक्ततेचे उत्तर त्यामुळे उद्या आणखी दुबळे होईल. पत्रव्यवहारासाठी, प्रवासासाठी प्रौढाला कदाचित त्या बाकावर बसावेही लागणार नाही. पण यंत्र वाक्य पोहोचवते. वाक्य बोलताना माणसाला जी जोखीम घ्यावी लागते, ती घेत नाही. त्या स्त्रियांच्या पत्रांचे निर्दोष भाषांतर फ्रेरेला मिळाले असते, तरी त्यांना उत्तर द्यायचे की आपल्या व्याकरणामागे दडायचे, हे त्यालाच ठरवावे लागले असते. गरजेचा भाग गळून पडल्यावर जे उरते ते केवळ नैतिक असते: दुसऱ्यापुढे त्याच्या भाषेत अपुरे दिसण्याचे आणि तरीही बोलण्याचे धैर्य.

या धैर्याचा भार मात्र एकाच बाजूने वाहायचा नसतो. जगाच्या व्यवहारात शिकण्याचे श्रम नेहमी पोर्तुगीज, कोकणी, मराठी किंवा न्येंगातू बोलणाऱ्याने करायचे आणि इंग्रजी भाषकाने केवळ चुका मोजायच्या, ही वाटणी न्याय्य नाही. जो परभाषा शिकत नाही, त्याच्यावर निदान संयमाने ऐकण्याचे कर्तव्य तरी येतेच. साओ पाउलोच्या वर्गातील परिचारिका जेव्हा आपण इंग्रजी शिकण्याचे 'सोंग' करतो असे सांगते, तेव्हा तिचा शब्द चुकलेला असतो आणि इरादा खरा असतो. ऐकणाऱ्याने शब्द सुधारावा. इरादा ओळखणे हे मात्र व्याकरणाचे काम नाही, आणि ते ज्याला जमत नाही, त्याने आपल्या स्वतःच्या भाषेतही अजून बरेच शिकायचे राहिले आहे.